दोन वूडू-२ आणि एक एजीपी कार्ड: एकाच जुन्या संगणकात तिन्ही कशी नांदवावीत?

प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे उत्तर कशाला दिले आहे हे इतरांनाही कळेल. विचारणाऱ्यांकडे ७०० मेगाहर्ट्झचा पेंटियम ३, इंटेल ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड, एजीपी स्लॉटमध्ये (डिस्प्ले कार्डासाठीच्या खास खाचेत) एनव्हिडियाचे जीफोर्स २ एमएक्स हे डिस्प्ले कार्ड आणि त्याखेरीज थ्रीडीएफएक्स कंपनीची, खेळांतील त्रिमितीय चित्रे रंगवणारी दोन वूडू-२ कार्डे आहेत. त्यांतील एक १२ मेगाबाइटचे आहे, दुसरे ८ मेगाबाइटचे. विंडोज ९८ मध्ये ही कार्डे एकमेकांशी भांडतील का, दोन वूडू जोडल्याने वेग दुप्पट होईल का, जीफोर्स आणि वूडू यांचे आउटपुट एका वाय-केबलने मॉनिटरला जोडल्यापासून डेस्कटॉप फिका का दिसतो, आणि खेळात एकाआड एक ओळींवर रंगांचा कचरा का उमटतो, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःशंक आहे: ही कार्डे भांडणार नाहीत. वूडू-२ हे रूढ अर्थाने डिस्प्ले कार्ड नाहीच. त्याच्यावर व्हीजीए बायोस (संगणक सुरू होताच पडद्यावर चित्र दाखवणारा कार्डावरचा प्रोग्राम) नाही, डेस्कटॉप दाखवण्याची सोय नाही, आणि संगणक सुरू होताना बायोस त्याच्याकडे डिस्प्ले म्हणून पाहतही नाही. विंडोज ९८ चा डिव्हाइस मॅनेजर उघडलात तर ते ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ या गटात सापडणार नाही. ते ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ या गटात साउंड कार्डाच्या शेजारी बसलेले दिसेल. त्याचे काम एकच, ते म्हणजे खेळाने हाक मारली की त्रिमितीय चित्र रंगवणे. एरवी ते जीफोर्सकडून आलेले चित्र आपल्या अंगावरून जसेच्या तसे मॉनिटरकडे जाऊ देते. म्हणूनच १९९८ साली हे कार्ड बाजारात आले तेव्हा ते घरात आधीपासून असलेल्या कार्डाच्या जोडीला घ्यायचे कार्ड म्हणून विकले गेले. पुढच्या काळातील वूडू-३ किंवा वूडू-५ यांचे पीसीआय (मदरबोर्डवरच्या सर्वसाधारण स्लॉटमध्ये बसणारे) प्रकार मात्र पूर्ण व्हीजीए कार्डे आहेत. ती एजीपी कार्डाच्या शेजारी बसवली तर मुख्य डिस्प्ले कोणता हा तंटा खरोखर उभा राहतो आणि बायोसमध्ये जाऊन तो सोडवावा लागतो. दोन वेगळ्या घराण्यांची कार्डे एका कॅबिनेटमध्ये ठेवायची असतील, तर माझ्या मते वूडू-२ हीच सर्वांत निर्धोक निवड आहे.

आता वेगाबद्दल. दोन वूडू-२ एकत्र चालतात त्या पद्धतीला एसएलआय म्हणतात आणि तिची कल्पना सरळ आहे: चित्रातील आडव्या ओळींपैकी एकाआड एक ओळ एका कार्डाने रंगवायची आणि उरलेल्या दुसऱ्याने. रंगवण्याची क्षमता यामुळे खरोखर दुप्पट होते. एक कार्ड सेकंदाला ९ कोटी बिंदू रंगवू शकते, जोडी १८ कोटी. पण खेळाचा वेग केवळ बिंदू रंगवण्यावर ठरत नाही. दृश्यातील प्रत्येक त्रिकोण कोठे पडतो याचे गणित या पिढीत प्रोसेसरच करतो, आणि ते गणित दोन कार्डांमुळे निम्मे होत नाही. त्यामुळे ६४०×४८० वर खेळलात तर दुसऱ्या कार्डाचा फरक क्वचितच जाणवेल, कारण तेथे कार्ड प्रोसेसरची वाट पाहत असते. ८००×६०० वर फरक दिसू लागतो. जोडीचा खरा अर्थ कळतो तो १०२४×७६८ वर, कारण एकटे वूडू-२ त्या रिझोल्यूशनला नेहमीच्या रीतीने पोहोचूच शकत नाही.

याचे कारण साध्या गुणाकारात आहे. वूडू-२ वर, मग ते ८ मेगाबाइटचे असो वा १२ चे, चित्र साठवण्यासाठी ४ मेगाबाइटच मेमरी राखलेली असते. बाकीची मेमरी टेक्श्चरसाठी, म्हणजे भिंती-जमिनींवर चिकटवायच्या चित्रांसाठी, असून ती दोन टेक्श्चर चिपांमध्ये समान वाटलेली असते. प्रत्येक बिंदूला २ बाइट लागतात, आणि एकाच वेळी तीन पट सांभाळावे लागतात: पडद्यावर दिसणारे चित्र, पाठीमागे तयार होत असलेले चित्र आणि खोलीची नोंद ठेवणारा झेड-बफर. ८००×६०० साठी हा हिशोब २८ लाख ८० हजार बाइटांवर थांबतो आणि ४ मेगाबाइटांत आरामात मावतो. १०२४×७६८ साठी तो ४७ लाख १८ हजारांच्या पुढे जातो, आणि ४ मेगाबाइट म्हणजे सुमारे ४१ लाख ९४ हजार बाइटच. जागा संपली. जोडीमध्ये प्रत्येक कार्डाला निम्म्याच ओळी सांभाळायच्या असल्याने गरज सुमारे २३ लाख ५९ हजारांवर येते आणि अडसर दूर होतो. टेक्श्चरच्या मेमरीचे मात्र असे विभाजन होत नाही. एकाआड एक ओळ रंगवायची तरी भिंतीची वीट दोन्ही कार्डांना ठाऊक असावी लागते, म्हणून तीच टेक्श्चर दोन्हीकडे भरली जातात आणि १२ अधिक १२ म्हणजे २४ मेगाबाइटचे कार्ड झाले असे कधीच होत नाही.

फिक्या डेस्कटॉपचे कारण वाय-केबल हेच आहे आणि ती केबल आज काढून टाकावी, इतक्या स्पष्टपणे सांगतो. व्हीजीएच्या तिन्ही रंगांच्या तारांवर कार्ड ठरावीक विद्युतप्रवाह सोडते आणि तो दोन ७५ ओहमच्या रोधांतून वाहील असे गृहीत धरलेले असते; एक रोध कार्डावर, दुसरा मॉनिटरमध्ये. या मांडणीत पूर्ण पांढऱ्या रंगाला ०.७ व्होल्ट मिळतात. वाय-केबलने दुसरे कार्ड त्याच तारेला जोडले की त्याच्यावरचा ७५ ओहमचा रोधही, ते कार्ड गप्प असले तरी, आपला वाटा ओढू लागतो. पाटाचे तेच पाणी दोनऐवजी तीन वाफ्यांत गेले तर प्रत्येकाला कमी मिळणारच, येथे ०.७ चे जवळपास ०.४७ व्होल्ट होतात आणि पांढरा रंग राखाडी दिसू लागतो. शिवाय दोन कार्डांचे सिंक सिग्नल (ओळ आणि चित्र कोठे सुरू होते हे मॉनिटरला सांगणारे) एकाच तारेवर आमनेसामने येतात, आणि एक वर खेचत असताना दुसरे खाली खेचत असेल तर ते दोघांच्याही आउटपुट चिपांना बरे नाही.

योग्य जोडणी साखळीची आहे. जीफोर्सच्या आउटपुटपासून निघालेली छोटी केबल वूडूच्या इनपुटमध्ये जाते आणि वूडूच्या आउटपुटपासून मॉनिटरची केबल निघते. दोन वूडूंपैकी एकाच्याच पाठीला या दोन्ही केबली लागतात. दुसऱ्याचे दोन्ही व्हीजीए सॉकेट मोकळे राहतात, कारण त्याच्या वाट्याच्या ओळी कॅबिनेटच्या आतील पट्टीसारख्या चपट्या केबलमधून पहिल्याकडे पोहोचतात. दोनपैकी कोणते कार्ड मुख्य मानले गेले आहे हे बाहेरून पाहून कळत नाही. खेळ सुरू होताच पडदा काळा पडला आणि आवाज मात्र व्यवस्थित येत असेल, तर संगणक बंद करून पाठीमागच्या दोन्ही केबली एकत्रच दुसऱ्या वूडूवर न्याव्यात. बहुतेक वेळा तेवढ्याने चित्र येते.

साखळीतही डेस्कटॉपचे चित्र किंचित बिघडते हे मान्य करावे लागेल, कारण जीफोर्सचा सिग्नल एक जादा केबल, दोन जादा जोड आणि वूडूवरील स्विच यांतून प्रवास करतो. १०२४×७६८ आणि ७५ हर्ट्झपर्यंत चांगल्या केबलवर ते डोळ्यांना खुपत नाही. १६००×१२०० वर अक्षरांच्या उजवीकडे पुसट सावली दिसू लागते. त्यावर दोन उपाय आहेत. एक, जोडकेबल शक्य तितकी आखूड आणि जाड, रंगांच्या तारांना स्वतंत्र शील्ड असलेली घ्यावी. दुसरा उपाय अधिक चांगला: मॉनिटरला दोन इनपुट असतील तर साखळी करूच नये, जीफोर्स एका इनपुटला, वूडू दुसऱ्याला जोडावे आणि खेळ सुरू झाल्यावर मॉनिटरचे बटण दाबावे. बटण दाबून दोनांपैकी एकच सिग्नल पुढे नेणारा व्हीजीए स्विचबॉक्सही चालतो, कारण तो दुसऱ्या कार्डाला तारेपासून पूर्ण तोडतो. वाय-केबल आणि स्विचबॉक्स यांतला फरक नेमका हाच आहे. साखळीत मॉनिटर ‘अज्ञात’ म्हणून दिसू लागला तर घाबरू नये. मॉनिटरची ओळख सांगणाऱ्या पिना जुन्या जोडकेबलीत जोडलेल्या नसण्याची शक्यता असते. अशा वेळी मॉनिटरचा प्रकार हाताने निवडून द्यावा.

एकाआड एक ओळींवरच्या कचऱ्याकडे वळतो, कारण या प्रश्नात सर्वांत अधिक माहिती दडली आहे. दोष सगळ्या चित्रावर असता तर तो ड्रायव्हरचा, खेळाचा किंवा केबलचा असू शकला असता. तो एक ओळ सोडून एक ओळ येतो आहे, म्हणजे दोनपैकी एकाच कार्डाच्या वाट्याच्या ओळी बिघडलेल्या आहेत आणि संशयित दोनच उरतात: ते कार्ड स्वतः, किंवा त्याच्या ओळी वाहून नेणारी आतील चपटी केबल. म्हणून केबल काढा, एकच वूडू स्लॉटमध्ये ठेवा आणि ८००×६०० वर तोच खेळ चालवा. मग ते काढून दुसरे लावा. एकटे असताना ज्याच्यावर संपूर्ण चित्र कचऱ्याने भरते ते कार्ड आजारी. दोन्ही एकेकटी निर्मळ चालली तर दोष केबलचा.

केबल असेल तर काम सोपे आहे. वूडू-२ ची एसएलआय केबल ३४ तारांची, फ्लॉपी ड्राइव्हच्या केबलसारखीच असते आणि फ्लॉपीच्या केबलपासून ती तयारही करता येते, मात्र एका अटीवर. फ्लॉपीच्या केबलमध्ये एका टोकाजवळ १० ते १६ क्रमांकाच्या सात तारा उलट्या पिळलेल्या असतात. तो पीळ आपल्या तुकड्यात येता कामा नये. पीळ नसलेल्या भागातील सलग जोड वापरावेत आणि लाल कडेची तार दोन्ही कार्डांवर एक क्रमांकाच्या पिनेकडे असल्याची खात्री करावी. केबल आखूड ठेवावी आणि ती ताणून धरलेली नसावी.

कार्ड आजारी निघाले तरी लगेच आशा सोडू नका. वूडू-२ वरच्या तिन्ही मोठ्या चिपांना चारही बाजूंनी अतिशय बारीक पाय आहेत, आणि ही कार्डे वर्षानुवर्षे डब्यात एकमेकांवर रचून ठेवलेली असतात. भिंग आणि तिरका उजेड घेऊन प्रत्येक बाजूच्या पायांवरून नजर फिरवा. दोन पाय एकमेकांना टेकलेले दिसले तर बारीक सुईने ते अलगद वेगळे करता येतात. एखादा पाय पॅडवरून सुटलेला असेल तर सुई लावताच तो हलतो, आणि तेथे फ्लक्ससह सोल्डरिंगचा स्पर्श पुरतो. हे काम ज्याचा हात बसला आहे अशा मोबाइल दुरुस्तीच्या कारागिराकडून करून घेण्यात कमीपणा नाही. त्याआधी स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ करा. मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत राहिलेल्या कार्डांवर तेथे काळसर थर हमखास सापडतो. खोडरबर घासण्याची आपल्याकडची पद्धत काम करते, पण ती मुलामा झिजवते. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड यांनाच पसंती देतो आणि रबर अगदी शेवटी काढतो.

ड्रायव्हरांचा क्रम महत्त्वाचा आहे. वूडू कार्डे बाहेर ठेवून आधी विंडोज ९८ सेकंड एडिशन, चिपसेटचे ड्रायव्हर, मग जीफोर्सचा ड्रायव्हर आणि डायरेक्टएक्स (खेळांना लागणारे मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर) टाका, आणि एवढे स्थिर चालते हे पाहा. जीफोर्स २ साठी एनव्हिडियाचा ४५.२३ हा विंडोज ९८ वर पुष्कळ वापरला गेलेला आणि भरवशाचा आहे. त्यानंतर एक वूडू बसवून थ्रीडीएफएक्सचा ३.०२.०२ हा संदर्भ ड्रायव्हर टाका. थ्रीडीएफएक्सची मोजो नावाची छोटी तपासणी चालवली की कार्डावरच्या चिपा आणि मेमरी किती ओळखली गेली ते कळते. सगळे ठीक असेल तरच दुसरे वूडू आणि चपटी केबल जोडा, आणि मोजोमध्ये एसएलआय ओळखले गेल्याचे पाहून मगच खेळ उघडा. तिन्ही कार्डे एकदम खोचून नंतर दोष शोधत बसण्यापेक्षा हा मार्ग लांबचा वाटतो, पण प्रत्यक्षात लवकर पोहोचवतो.

खेळ कोणत्या कार्डावर जाईल हे बहुतांशी फाइलींवर ठरते, आणि येथेच लोक सर्वाधिक गोंधळतात. खेळ ज्या भाषेत कार्डाला चित्र काढायला सांगतो तिच्यापैकी ग्लाइड ही थ्रीडीएफएक्सची स्वतःची भाषा आहे. जीफोर्सला ती येत नाही, म्हणून ग्लाइड निवडले की खेळ आपोआप वूडूकडे जातो. पण बऱ्याच खेळांनी आपल्या फोल्डरमध्ये glide2x.dll ची स्वतःची जुनी प्रत ठेवलेली असते, आणि ती विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमधील नव्या प्रतीच्या आधी उचलली जाते. खेळ वूडू सापडत नाही म्हणू लागला तर त्या जुन्या फाइलीचे नाव बदलून पाहावे. ओपनजीएल या अनेक कंपन्यांच्या कार्डांवर चालणाऱ्या भाषेत उलट प्रकार आहे: व्यवस्थेचा ओपनजीएल मुख्य कार्डाच्या, म्हणजे जीफोर्सच्या, मालकीचा असतो. पहिल्या क्वेकच्या ओपनजीएल आवृत्तीच्या फोल्डरमध्ये opengl32.dll नावाची थ्रीडीएफएक्सची मिनीजीएल (ओपनजीएलचा छोटा भाग असलेली) फाइल असेल तर तो वूडूवर चालतो, आणि तिचे नाव बदलले की तोच खेळ जीफोर्सवर चालतो. क्वेक २ मध्ये हीच निवड मेन्यूत दिलेली आहे. डायरेक्ट३डी या मायक्रोसॉफ्टच्या भाषेतील खेळ बहुधा मुख्य कार्डच धरतात, आणि ते योग्यच आहे.

कारण दोन घराण्यांची कार्डे ठेवण्यातला खरा लाभ या वाटणीत आहे. अनरिअल किंवा डायब्लो २ यांसारखे खेळ ग्लाइडवर सर्वांत सुरळीत वाटतात, तर २००० च्या आसपासचे डायरेक्ट३डीचे खेळ ३२ बिट रंग आणि मोठी टेक्श्चर मागतात. वूडू-२ १६ बिटांवर आणि २५६×२५६ टेक्श्चरवर थांबते. ते काम जीफोर्सने करावे. शिवाय त्या काळातील जे खेळ टेबल फॉग (धुके दाखवण्याची एक जुनी पद्धत) आणि ८ बिटांची पॅलेट टेक्श्चर (ठरावीक २५६ रंगांच्या यादीवरून रंगवलेली) वापरतात ते जीफोर्स २ वर नीट दिसतात. नंतरच्या जीफोर्स ६ पिढीने पॅलेट टेक्श्चर सोडून दिली. म्हणून या संगणकात अधिक नवे एजीपी कार्ड घालण्याचा मोह टाळावा.

विजेबाबत थोडक्यात: वूडू-२ पीसीआयच्या ५ व्होल्टवर भार टाकते, आणि ४४०बीएक्सच्या काळातील बहुतेक मदरबोर्ड प्रोसेसरची वीजही ५ व्होल्टवरूनच घेतात. आजचे एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारे खोके) १२ व्होल्टवर जोर देणारे असल्याने त्यांच्यावर लिहिलेले एकूण वॅट पाहू नका. ५ व्होल्टच्या रकान्यात २० अँपिअर किंवा अधिक आकडा आहे का ते पाहा. वूडू-२ च्या चिपांवर सहसा हीटसिंक नसतो आणि त्या हात ठेववणार नाही इतक्या तापू शकतात, तेव्हा दोन कार्डांमध्ये शक्य असल्यास एक स्लॉट मोकळा सोडावा आणि बाजूने हळू फिरणारा ८० मिलिमीटरचा पंखा द्यावा.

राहिला ८ आणि १२ मेगाबाइटच्या विजोड जोडीचा प्रश्न. संदर्भ ड्रायव्हर एकसारखी कार्डे अपेक्षितो. चाहत्यांनी सुधारलेला फास्टवूडू२ ड्रायव्हर विजोड कार्डांबाबत अधिक समजूतदार आहे. तरीही जोडी जमली म्हणजे १२ चे कार्ड ८ च्या पातळीवर उतरते, कारण टेक्श्चर दोन्हीकडे सारखीच ठेवावी लागतात आणि लहान कार्डाच्या मर्यादेपलीकडे काही भरता येत नाही. १०२४×७६८ हवे असेल आणि खेळ १९९८ च्या आसपासचे असतील तर ही तडजोड परवडते. डायब्लो २ साठी ती करू नका. मूळ खेळ ६४०×४८० चा आणि २००१ मधील विस्तार ८००×६०० चा असल्याने तेथे दुसरे वूडू निव्वळ उष्णता निर्माण करील. तुमच्या जागी मी सध्या १२ चे एकटे कार्ड जीफोर्ससोबत साखळीत लावीन, ८ चे कार्ड तपासून अँटिस्टॅटिक पिशवीत जपून ठेवीन, आणि दुसरे १२ चे कार्ड रास्त किमतीत मिळाले तरच एसएलआयची केबल जोडीन. त्या खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडे कार्डाच्या चारही बाजूंच्या चिप-पायांची जवळून काढलेली छायाचित्रे मागा आणि ती पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका.